जेक्वेरी : सारणीतील ओळींची निवड व माहितीचे संकलन

जेक्वेरी हा जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहिलेल्या तयार आज्ञांचा मुक्त-स्रोत संग्रह आहे. संकेतपृष्ठावरील एचटीएमएल सारणीतून हव्या त्या ओळी निवडणे, त्या ओळींतील विशिष्ट कक्षांमधील मजकूर वाचणे आणि त्या मजकुरापासून बेरीज, क्रमवारी किंवा यादी यांसारखी उपयुक्त माहिती तयार करणे हा जेक्वेरीचा एक नेहमीचा वापर आहे. गुणपत्रके, दरपत्रके, लोकसंख्येचे तक्ते, वेळापत्रके अशी बरीचशी सार्वजनिक माहिती संकेतपृष्ठांवर सारणीच्या रूपात असते. त्यामुळे विद्यार्थ्यांना हे तंत्र लवकर शिकवले जाते.

या तंत्रातील आज्ञा थोड्या व सोप्या आहेत. मात्र त्यांच्या वापरात होणाऱ्या चुका बहुधा मूक असतात. निवडीत एकही ओळ आली नाही तरी जेक्वेरी तक्रार करत नाही आणि चुकीचा स्तंभ वाचला गेला तरी पडद्यावर एखादी संख्या उमटतेच. म्हणून सारणीची अंतर्गत रचना, ओळीची निवड, कक्षाची निवड आणि मजकुराचा अर्थ लावणे या चार पायऱ्या स्वतंत्रपणे समजून घेणे आवश्यक ठरते.

या लेखात घटकांची व आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कार्यक्रम लिहिताना ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

जेक्वेरीची निर्मिती जॉन रेसिग यांनी केली. जानेवारी २००६ मध्ये तिची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्या काळी निरनिराळे ब्राउझर जावास्क्रिप्टच्या आज्ञांचा अर्थ काहीसा वेगवेगळा लावत असत. एकाच कामासाठी प्रत्येक ब्राउझरचा विचार करून वेगळी तजवीज करावी लागे. जेक्वेरीने हा भेद आपल्या आत झाकून घेतला आणि पृष्ठाच्या सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएसएस या भाषेतील निवडसूत्रे जावास्क्रिप्टमध्येही वापरण्याची सोय करून दिली. निवडसूत्र म्हणजे पृष्ठावरील कोणते घटक हवे आहेत याचे थोडक्यात केलेले वर्णन.

सारणी ही एचटीएमएलमध्ये सुरुवातीपासून नव्हती. मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेट यांनी मांडलेल्या मसुद्यात तिची सविस्तर रचना आली आणि जानेवारी १९९७ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ३.२ या आवृत्तीत सारणीचा समावेश झाला.

सारणीची अंतर्गत रचना

संपूर्ण सारणी 'टेबल' या घटकात असते. तिचे तीन विभाग पडतात : शीर्षकाचा 'टीहेड', मुख्य मजकुराचा 'टीबॉडी' आणि तळटीप किंवा एकूण बेरजेचा 'टीफूट'. प्रत्येक विभागात ओळी असतात व प्रत्येक ओळ 'टीआर' या घटकाने दर्शवली जाते. ओळीतील साध्या कक्षाला 'टीडी' आणि शीर्षकाच्या कक्षाला 'टीएच' म्हणतात.

या रचनेत ओळ हा प्रत्यक्ष घटक आहे, स्तंभ मात्र नाही. 'टीआर' नावाची पेटी अस्तित्वात असते व तिच्यात कक्ष ठेवलेले असतात. स्तंभ हा केवळ प्रत्येक ओळीतील समान क्रमांकाचे कक्ष एकाखाली एक आल्याने डोळ्यांना दिसणारा परिणाम होय. त्यामुळे ओळ थेट निवडता येते. स्तंभ निवडायचा झाल्यास प्रत्येक ओळीतील अमुक क्रमांकाचा कक्ष असे सांगावे लागते.

लेखकाने 'टीबॉडी' लिहिलेला नसला तरी ब्राउझर एचटीएमएल वाचताना तो स्वतःहून घालतो, ही बाबही लक्षात ठेवावी लागते. त्यामुळे 'टेबल'च्या थेट पोटातील 'टीआर' असे, म्हणजे मध्ये > हे चिन्ह घालून, निवडसूत्र लिहिल्यास मूळ मजकुरात तशी रचना दिसत असूनही एकही ओळ हाती लागत नाही. ब्राउझरच्या स्मृतीत टेबल, त्याच्या आत टीबॉडी आणि त्याच्या आत टीआर अशी तीन पायऱ्यांची उतरंड तयार झालेली असते.

ओळींची निवड

सारणीला 'आयडी' हे वेगळे ओळखनाम दिले असेल, तर त्या ओळखनामापुढे 'टीआर' लिहून तिच्यातील सर्व ओळी निवडता येतात. परंतु सर्व ओळींमध्ये शीर्षकाची ओळ आणि बेरजेची ओळही येते. बेरजेची ओळ निवडीत राहिली, तर प्रत्येक संख्या दोनदा मोजली जाते व उत्तर नेमके दुप्पट येते. म्हणून निवडसूत्रात 'टीबॉडी'चा स्पष्ट उल्लेख करणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो. एखाद्या कक्षाच्या आत दुसरी लहान सारणी असेल, तर तिच्या ओळी निवडीत येऊ नयेत यासाठी थेट अपत्य दाखवणारे > हे चिन्ह सारणीचे ओळखनाम व टीबॉडी, तसेच टीबॉडी व टीआर, अशा दोन्ही ठिकाणी वापरतात.

जेक्वेरीची निवड नेहमी संचाच्या रूपात परत येते. संचात अनेक घटक असतील, एकच असेल किंवा एकही नसेल. आज्ञा देण्याची पद्धत बदलत नाही. संच रिक्त असल्यास त्यावरील आज्ञा निमूटपणे काहीच करत नाहीत. म्हणून निवड केल्यावर 'लेंग्थ' या गुणधर्माने घटकांची संख्या तपासणे उपयुक्त ठरते. सारणीत ३६ जिल्हे असतील, तर संचातही ३६ ओळी आल्या पाहिजेत.

निवडलेला संच पुढील आज्ञांनी आणखी बारीक करता येतो :

• 'फर्स्ट' व 'लास्ट' – पहिली व शेवटची ओळ.
• 'ईक्यू' – दिलेल्या क्रमांकाची ओळ. ऋण क्रमांक दिल्यास मोजणी शेवटाकडून होते.
• 'स्लाइस' – एका क्रमांकापासून दुसऱ्या क्रमांकाच्या आधीपर्यंतच्या ओळी.
• 'फिल्टर' – दिलेली अट पूर्ण करणाऱ्या ओळी.
• 'नॉट' – दिलेली अट पूर्ण करणाऱ्या ओळी वगळून उरलेल्या.
• 'हॅज' – ज्यांच्या पोटात विशिष्ट घटक आहे अशा ओळी; उदाहरणार्थ, खूण केलेली चौकट असलेल्या ओळी.

क्रमांक मोजण्याच्या दोन पद्धती येथे एकत्र नांदतात आणि नवशिक्यांचा गोंधळ उडतो. 'ईक्यू' या आज्ञेत मोजणी ० पासून सुरू होते, तर सीएसएसमधून आलेल्या 'एनटीएच-चाइल्ड' या सूत्रात ती १ पासून सुरू होते. म्हणून ईक्यू २ आणि एनटीएच-चाइल्ड ३ हे दोन्ही तिसऱ्या घटकाकडे निर्देश करतात. सम-विषम ओळींच्या बाबतीत तर अर्थच उलटा होतो. जेक्वेरीच्या स्वतःच्या 'इव्हन' या सूत्राने ०, २, ४ या क्रमांकांच्या, म्हणजे डोळ्यांना पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या दिसणाऱ्या ओळी मिळतात. एनटीएच-चाइल्डमधील 'इव्हन'ने दुसरी, चौथी व सहावी ओळ मिळते.

निवडसूत्राच्या आतच लिहिली जाणारी ईक्यू, फर्स्ट, इव्हन, ऑड ही रूपे जेक्वेरीची स्वतःची भर होती. ती सीएसएसचा भाग नाहीत. ३.४ या आवृत्तीपासून ती कालबाह्य ठरवण्यात आली असून त्यांच्याऐवजी स्वतंत्र आज्ञा वापरण्याची शिफारस केली जाते. त्यासाठी ३.५ या आवृत्तीत 'इव्हन' व 'ऑड' या आज्ञा जोडण्यात आल्या.

कक्षापर्यंत पोहोचणे

ओळ हाती आल्यावर तिच्यातील कक्ष मिळवण्यासाठी 'फाइंड' व 'चिल्ड्रन' या दोन आज्ञा आहेत. 'फाइंड' ओळीच्या पोटात कितीही खोल शोध घेते, तर 'चिल्ड्रन' केवळ थेट अपत्ये पाहते. कक्षात आतली सारणी असण्याची शक्यता असल्यास 'चिल्ड्रन' अधिक भरवशाची ठरते.

ओळीतील पहिला कक्ष पुष्कळदा 'टीएच' असतो, कारण तो त्या ओळीचे शीर्षक असतो. अंध वाचकांसाठी पृष्ठ वाचून दाखवणाऱ्या साधनांना हे शीर्षक उपयोगी पडते, म्हणून तशी रचना करणे योग्यच आहे. मात्र अशा ओळीत केवळ 'टीडी' निवडून क्रमांक मोजल्यास मोजणी एका कक्षाने सरकते. 'टीएच' व 'टीडी' दोन्ही निवडून मग क्रमांक लावल्यास हा घोटाळा होत नाही.

स्तंभाचा क्रमांक कार्यक्रमात थेट लिहून ठेवणे धोक्याचे असते. सारणीच्या संपादकाने मध्ये एक नवीन स्तंभ घातला, की कार्यक्रम निमूटपणे शेजारचा स्तंभ वाचू लागतो. त्याऐवजी शीर्षकाच्या ओळीत हवा असलेला शब्द शोधावा, त्या कक्षाचा क्रमांक 'इंडेक्स' या आज्ञेने मिळवावा आणि तोच क्रमांक पुढे सर्व ओळींसाठी वापरावा, ही पद्धत अधिक टिकाऊ आहे.

कक्षातील मजकूर वाचणे

कक्षातील मजकूर वाचण्यासाठी 'टेक्स्ट' ही आज्ञा वापरतात. तिचे वर्तन इतर वाचक आज्ञांपेक्षा वेगळे आहे. 'एचटीएमएल', 'व्हॅल' व 'अ‍ॅट्र' या आज्ञा संचात अनेक घटक असले तरी केवळ पहिल्याचे उत्तर देतात. 'टेक्स्ट' मात्र सर्व घटकांचा मजकूर एकापुढे एक जोडून देते. पूर्ण ओळीवर ती चालवल्यास जिल्ह्याचे नाव, लोकसंख्या व क्षेत्रफळ यांची एकच लांबलचक अक्षरमाला तयार होते. म्हणून ती एका वेळी एकाच कक्षावर चालवावी लागते.

'टेक्स्ट' ही आज्ञा सजावटीच्या सूत्रांनी लपवलेला मजकूरही वाचते, तसेच मूळ मजकुरातील मोकळ्या जागा व ओळखंड जसेच्या तसे देते. ते काढून टाकण्यासाठी जावास्क्रिप्टची 'ट्रिम' ही सोय वापरतात. कक्षात लिहिण्याची चौकट असल्यास तिच्यात वापरकर्त्याने भरलेला मजकूर 'टेक्स्ट'ला दिसत नाही. ती चौकट शोधून तिच्यावर 'व्हॅल' ही आज्ञा चालवावी लागते.

सर्व ओळींवरून एकेक करून जाण्यासाठी 'ईच' व 'मॅप' या आज्ञा आहेत. प्रत्येक ओळीवर काही काम करायचे असेल तर 'ईच', आणि प्रत्येक ओळीपासून एकेक उत्तर घेऊन त्यांची यादी करायची असेल तर 'मॅप' योग्य ठरते. दोन्हींमध्ये हाती येणारी ओळ हा ब्राउझरचा मूळ घटक असतो. जेक्वेरीच्या आज्ञा चालवण्यासाठी तो पुन्हा जेक्वेरीच्या संचात घ्यावा लागतो. 'मॅप'चे उत्तरही जेक्वेरीचा संच असतो, म्हणून त्यापासून साधी यादी मिळवण्यासाठी शेवटी 'गेट' ही आज्ञा देतात. प्रत्येक ओळीसाठी नाव व लोकसंख्या अशी जोडी परत केल्यास 'मॅप' त्या जोड्या मोडून सर्व मूल्ये सरळ एकाच यादीत ओततो. चार ओळींच्या चार जोड्यांऐवजी आठ सुटी मूल्ये हाती येतात. जोडी टिकवायची असल्यास ती नामनिर्देशित गुणधर्म असलेल्या एका वस्तूच्या रूपात परत करणे सोयीचे असते.

उदाहरण

२०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांची पुढील सारणी उदाहरणादाखल घेता येईल. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात आजच्या पालघर जिल्ह्याचाही समावेश होता. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.

| जिल्हा | लोकसंख्या | क्षेत्रफळ (चौ. किमी) |
|---|---|---|
| पुणे | ९४,२९,४०८ | १५,६४३ |
| ठाणे | १,१०,६०,१४८ | ९,५५८ |
| गडचिरोली | १०,७२,९४२ | १४,४१२ |
| सिंधुदुर्ग | ८,४९,६५१ | ५,२०७ |

या सारणीवरून एकूण लोकसंख्या काढण्याची रीत अशी :

१. टीबॉडीतील सर्व टीआर निवडावेत आणि त्यांची संख्या ४ असल्याची खात्री करावी.
२. शीर्षकाच्या ओळीतून 'लोकसंख्या' या कक्षाचा क्रमांक मिळवावा. ० पासून मोजल्यास तो १ येतो.
३. प्रत्येक ओळीतील त्या क्रमांकाचा कक्ष घेऊन त्यातील मजकूर वाचावा व कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात.
४. मजकुराचे संख्येत रूपांतर करावे.
५. मिळालेल्या संख्यांची बेरीज करावी.

योग्य उत्तर २,२४,१२,१४९ हे आहे. प्रत्येक ओळीतील लोकसंख्येला त्याच ओळीतील क्षेत्रफळाने भागल्यास लोकसंख्येची घनता मिळते : पुणे ६०३, ठाणे १,१५७, गडचिरोली ७४ आणि सिंधुदुर्ग १६३ व्यक्ती दर चौरस किलोमीटर. एका ओळीतील मूल्ये एकमेकांशी बांधलेली असतात, याचा उपयोग येथे होतो. स्तंभ वेगवेगळे वाचून नंतर त्यांची जुळणी केल्यास, एखादा कक्ष सुटताच पुढील सर्व जोड्या चुकतात.

मजकुराचे संख्येत रूपांतर

वरील रीतीतील चौथी पायरी सर्वांत नाजूक आहे. 'टेक्स्ट'ने मिळणारी गोष्ट संख्या नसते, अक्षरमाला असते. आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन अक्षरमालांमध्ये + हे चिन्ह आले की बेरीज न होता त्या एकमेकींना जोडल्या जातात. ९४ व ८ यांची बेरीज १०२ न येता ९४८ अशी येते.

रूपांतरासाठी जावास्क्रिप्टमध्ये 'नंबर' व 'पार्सफ्लोट' या सोयी आहेत. दोन्हींना स्वल्पविराम समजत नाही, पण दोघींची प्रतिक्रिया भिन्न असते. 'नंबर' स्वल्पविराम दिसताच ही संख्या नव्हे, या अर्थाचे 'नॅन' हे मूल्य देते. 'पार्सफ्लोट' मात्र स्वल्पविरामाच्या आधीचा भाग घेऊन थांबते. वरील सारणी आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेली असेल, तर पार्सफ्लोट चार ओळींतून अनुक्रमे ९४, १, १० आणि ८ वाचते व एकूण लोकसंख्या ११३ सांगते. सव्वादोन कोटींच्या जागी ११३ पाहून कोणीही दचकेल. परंतु सारणीत शेकड्यातील व हजारांतील संख्या मिसळलेल्या असतील, तर चुकीचे उत्तर खपून जाऊ शकते. यासाठी रूपांतरापूर्वी सर्व स्वल्पविराम काढून टाकावे लागतात. केवळ पहिलाच काढला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. १,१०,६०,१४८ या एका संख्येत तीन स्वल्पविराम आहेत.

रिकाम्या कक्षाबाबतही या दोन सोयींत फरक आहे. 'नंबर' रिकाम्या अक्षरमालेचे ० करते, तर 'पार्सफ्लोट' नॅन देते. माहिती उपलब्ध नसणे आणि संख्या शून्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरजेत हा फरक दिसत नाही. सरासरी काढताना मात्र गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण मिळाल्याचे धरले जाते व संपूर्ण वर्गाची सरासरी खाली येते.

देवनागरी अंक

मराठी सारण्यांमध्ये आणखी एक अडचण येते. जावास्क्रिप्टच्या संख्या-रूपांतराच्या सोयी केवळ आंतरराष्ट्रीय अंक ओळखतात. देवनागरीतील १२ हा आकडा मराठी वाचकाला बारा म्हणून दिसत असला, तरी 'नंबर' व 'पार्सफ्लोट' या दोघींच्या दृष्टीने ती निव्वळ अक्षरे असतात आणि उत्तर नॅन येते. बेरजेत एकही नॅन आला की एकूण बेरीजही नॅन होते.

युनिकोड या लिपी-मानकात देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे व पुढील नऊ अंक सलग क्रमांकांवर आहेत. त्यामुळे प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले, की त्याचे मूल्य मिळते. हे लहानसे रूपांतर आधी केले, तर पुढील सर्व पायऱ्या नेहमीप्रमाणे चालतात. उलट दिशेने, म्हणजे मिळालेली बेरीज पुन्हा देवनागरी अंकांत आणि लक्ष-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन दाखवण्यासाठी, आधुनिक ब्राउझरमध्ये भाषानिहाय संख्यालेखनाची सोय असते. तिला मराठी भाषेचे संकेतचिन्ह दिल्यास २,२४,१२,१४९ असे रूप मिळते.

कक्षात संख्येखेरीज तळटिपेचा लहान आकडाही असू शकतो. ज्ञानकोशांतील सारण्यांत हे सर्रास आढळते. अंक सोडून बाकी सर्व चिन्हे काढून टाकण्याचा सोपा उपाय येथे अंगाशी येतो. पुण्याच्या लोकसंख्येपुढे चौकटी कंसात १ ही टीप असेल, तर कंस गळून ९४२९४०८ च्या पुढे १ चिकटतो आणि लोकसंख्या ९,४२,९४,०८१ होते. अशा वेळी कक्षाची प्रत काढून तिच्यातील टिपेचा घटक आधी वगळावा आणि मग मजकूर वाचावा.

डेटा-गुणधर्माचा उपयोग

सारणी तयार करणे स्वतःच्या हाती असेल, तर वरील बहुतेक अडचणी मुळातच टाळता येतात. एचटीएमएलमध्ये कोणत्याही घटकाला 'डेटा-' या उपसर्गाने सुरू होणारा गुणधर्म जोडता येतो. वाचकासाठी कक्षात ९४,२९,४०८ असा सुवाच्य आकडा ठेवायचा आणि यंत्रासाठी गुणधर्मात स्वल्पविराम नसलेली, आंतरराष्ट्रीय अंकांतील संख्या ठेवायची, अशी ही विभागणी आहे.

जेक्वेरीची 'डेटा' ही आज्ञा हा गुणधर्म वाचते आणि मूल्य संख्येसारखे असल्यास त्याचे आपोआप संख्येत रूपांतर करते. रूपांतराने मूळ लेखन बदलणार असेल, उदाहरणार्थ आरंभी शून्य असलेला हजेरी क्रमांक, तर ती मूल्य अक्षरमाला म्हणूनच ठेवते. 'डेटा' एकदा वाचलेले मूल्य स्मृतीत जपून ठेवते. त्यानंतर 'अ‍ॅट्र'ने गुणधर्म बदलला, तरी 'डेटा' जुनेच मूल्य सांगत राहते. म्हणून वाचन व बदल या दोन्हींसाठी एकच आज्ञा वापरणे इष्ट असते.

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यातील क्रमवारी लावता येणाऱ्या सारण्यांचे कामही जेक्वेरीवर आधारित साधनाने होते. तेथे 'डेटा-सॉर्ट-व्हॅल्यू' हा गुणधर्म देऊन दिसणारा मजकूर व क्रमवारीचे मूल्य वेगळे ठेवता येते. त्या साधनात भाषेनुसार अंकांचे रूपांतर करण्याचीही सोय आहे. क्रमवारी लावताना मजकुराला संख्या मानले नाही तर काय होते, हे वरील सारणीवरून दिसते. उतरत्या क्रमाने ९४,२९,४०८ प्रथम, ८,४९,६५१ दुसरा, १०,७२,९४२ तिसरा व १,१०,६०,१४८ शेवटी येतो. कारण तुलना अक्षरश: डावीकडून एकेका चिन्हाची होते. चौघांत सर्वाधिक लोकसंख्येचा ठाणे जिल्हा तळाला जातो आणि सर्वांत कमी लोकसंख्येचा सिंधुदुर्ग दुसऱ्या स्थानी चढतो.

शब्दांवरून ओळ शोधणे

विशिष्ट शब्द असलेली ओळ शोधण्यासाठी जेक्वेरीत 'कंटेन्स' हे सूत्र आहे. दिलेली अक्षरे मजकुरात कोठेही असली तरी ते ओळ निवडते. 'मुंबई' असा शोध घेतल्यास मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे हाती येतात. तंतोतंत जुळणी हवी असल्यास 'फिल्टर' आज्ञेत कक्षाचा मजकूर वाचून त्याची पूर्ण तुलना करावी लागते.

मराठीच्या बाबतीत एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांचे संगणकीय लेखन वेगळे असू शकते. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा र हा ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, तसाच साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण तुलनेत ते भिन्न ठरतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने र आणि खालचा नुक्ता हे रूप ऱ शी जुळते. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र जुळत नाही. म्हणून शोधापूर्वी दोन्ही बाजूंच्या लेखनाला एकच रूप देण्याची वेगळी तजवीज करावी लागते.

टिचकी मारलेल्या ओळीतील माहिती

ओळीतील कळीवर टिचकी मारली असता त्याच ओळीतील माहिती हवी असते. यासाठी 'क्लोझेस्ट' ही आज्ञा उपयोगी पडते. ती स्वतः त्या घटकापासून सुरुवात करून एकेक पायरी वर चढते आणि पहिला 'टीआर' भेटताच थांबते. त्या ओळीतून पुन्हा खाली उतरून 'फाइंड'ने हवा तो कक्ष मिळवता येतो. 'पॅरेंट' ही आज्ञा केवळ एकच पायरी चढते. कळीभोवती आणखी एखादा घटक आला, की ती ओळीपर्यंत पोहोचत नाही.

सारणीत नंतर जोडल्या जाणाऱ्या ओळींचाही विचार करावा लागतो. प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे टिचकीची आज्ञा बांधल्यास नव्या ओळी निष्क्रिय राहतात. टिचकीची सूचना आतल्या घटकाकडून बाहेरच्या घटकाकडे प्रवास करत असल्यामुळे ती सारणीवर एकदाच ऐकण्याची व्यवस्था करता येते. १.७ या आवृत्तीत आलेल्या 'ऑन' या आज्ञेत सारणी हा ऐकणारा घटक व ओळ हे निवडसूत्र असे दोन्ही देता येतात. मग ओळी कितीही वाढल्या, तरी नवी आज्ञा लागत नाही.

जोडलेले कक्ष

'रोस्पॅन' या गुणधर्माने एक कक्ष अनेक ओळींवर आणि 'कोलस्पॅन'ने अनेक स्तंभांवर पसरवता येतो. उदाहरणार्थ, कोकण विभाग हा कक्ष पाच ओळींवर पसरलेला असेल, तर प्रत्यक्षात तो केवळ पहिल्या ओळीत असतो. पुढील चार ओळींमध्ये एक कक्ष कमी असतो आणि त्यांतील सर्व क्रमांक एकाने सरकतात. जेक्वेरीत हा हिशेब आपोआप ठेवणारी आज्ञा नाही. प्रत्येक कक्षाचे रोस्पॅन व कोलस्पॅन वाचून आधी पूर्ण चौकटीचा आराखडा तयार करावा लागतो, किंवा हव्या असलेल्या कक्षांना 'क्लास' हे गटनाम देऊन क्रमांकाऐवजी त्या नावाने निवड करावी लागते.

सुरक्षितता

सारणीतील माहिती अनेकदा दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते. ती वाचून पृष्ठावर अन्यत्र मांडताना 'एचटीएमएल' ही आज्ञा वापरल्यास मजकुरात दडवलेल्या आज्ञाही वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकतात. 'टेक्स्ट' आज्ञेने मांडलेला मजकूर मात्र केवळ मजकूर म्हणूनच दिसतो. त्यामुळे सजावट जपण्याचे विशेष कारण नसल्यास वाचणे व लिहिणे दोन्हीसाठी 'टेक्स्ट' वापरण्याचा प्रघात आहे. जेक्वेरीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एचटीएमएल हाताळण्याच्या पद्धतीत या स्वरूपाची त्रुटी होती. ती एप्रिल २०२० मधील ३.५ या आवृत्तीत दूर करण्यात आली.

पर्याय

ब्राउझरांमधील फरक कमी झाल्यानंतर जेक्वेरीशिवायही हे काम करणे सोपे झाले आहे. सारणीच्या मूळ घटकाला 'रोज' आणि ओळीला 'सेल्स' हे गुणधर्म असतात. त्यांतून ओळी व कक्ष क्रमांकाने मिळतात. 'क्वेरीसिलेक्टरऑल' ही ब्राउझरची आज्ञा सीएसएसची निवडसूत्रे स्वीकारते, तसेच 'क्लोझेस्ट'ही आता ब्राउझरमध्ये उपलब्ध आहे. बूटस्ट्रॅप या लोकप्रिय रचनासंग्रहाने २०२१ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून जेक्वेरीवरील अवलंबन सोडले.

तरीही असंख्य जुन्या संकेतस्थळांवर जेक्वेरी कार्यरत आहे आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना तिचे ज्ञान लागते. साधन कोणतेही असले, तरी टीबॉडीची उतरंड, ० व १ पासूनची मोजणी, सरकलेले कक्ष, स्वल्पविराम आणि देवनागरी अंक यांचे प्रश्न तेच राहतात. त्यामुळे ज्याची बेरीज हाताने करून पाहता येईल अशा चार-पाच ओळींच्या लहान सारणीवर कार्यक्रमाची पडताळणी करून मगच तो मोठ्या सारणीवर चालवणे श्रेयस्कर ठरते.